पुणे–भोर–मांढरदेवी–वाई: खात-पीत एका दिवसाची गाडीसफर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्याजवळ एका दिवसात कुठे जाऊन यावं, असं कुणी विचारलं की आमच्या तोंडी पहिलं नाव याच वाटेचं येतं. तिच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेमका रस्ता कोणता?

कात्रजच्या बोगद्यातून सातारा महामार्गाला लागायचं आणि खेड शिवापूर, नसरापूरचा चेलाडी फाटा मागे टाकून कापूरहोळला उजवीकडे भोरकडे वळायचं. भोरहून आंबाडखिंड घाट चढून मांढरदेवी आणि पलीकडे उतरून वाई. वाईहून मेणवली आणि धोम पाहून परत वाईत यायचं, सुरूर फाट्याला महामार्ग धरायचा आणि खंबाटकीचा बोगदा, शिरवळ करत पुणे. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास होतं. वाटेत खेड शिवापूरचा टोलनाका लागतो, जाताना एकदा आणि येताना एकदा.

थेट महामार्गाने वाईला दोन तासांत पोचता येतं. मग भोरचा वळसा कशासाठी?

जेवणासाठी आणि डोळ्यांसाठीही. मांढरदेवीची डोंगररांग दोन खोऱ्यांच्या मधोमध उभी आहे. अलीकडे नीरा, पलीकडे कृष्णा. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते, आणि ती भीमा शेवटी कर्नाटकाच्या सीमेवर कृष्णेलाच जाऊन मिळते. म्हणजे खिंडीच्या दोन बाजूंना पडलेलं पाणी शेकडो किलोमीटर वेगवेगळं वाहून पुन्हा एक होतं. पण इथे, या घाटापाशी, दोन्हीकडची शेतं अगदी वेगळी दिसतात. भोरच्या पश्चिमेला धो धो पाऊस, त्यामुळे भातखाचरं आणि ताटात इंद्रायणीचा चिकट, सुवासिक भात. वाईच्या बाजूला ऊस, हळद, ज्वारी, घेवडा, आणि ताटात भाकरी. डोंगर ओलांडला की ताट बदलतं, हे अर्ध्या दिवसात अनुभवायला मिळणं ही या वाटेची खरी गंमत आहे. महामार्गाने गेलात तर दोन्ही टोकांना तेच ते पनीर आणि तंदुरी रोटी वाट्याला येईल.

किती वाजता निघावं, आणि नाश्ता कुठे करावा?

सहाला गाडी हलली पाहिजे. साडेसात-आठला निघालं तर कात्रजच्या पुढेच वेळ जातो, भोरला पोचेपर्यंत ऊन चढतं आणि जेवणाची वेळ हुकते. घरून चहा-बिस्किटावर निघा, पोटभर खाऊ नका.

नाश्ता खेड शिवापूर ते कापूरहोळ या पट्ट्यात. इथे वडापाव, मिसळ, पोहे देणारी ठिकाणं ओळीने आहेत आणि पहाटेपासून चालू असतात. एक नियम आम्ही कसोशीने पाळतो: वडा कढईतून निघताना दिसला तरच घ्यायचा. परातीत रचून ठेवलेला वडा कितीही प्रसिद्ध ठिकाणचा असो, तो सोडायचा. मिसळ घेतलीत तर रस्सा वेगळा मागवा आणि दुसऱ्यांदा पाव घेताना हात आखडता घ्या, कारण पुढे घाट आहे. गच्च भरलेलं पोट आणि वळणं यांचं जमत नाही. चौघांत दोन मिसळी, दोन पोहे आणि वर एक प्लेट कांदाभजी, एवढ्यावर जेवणापर्यंत छान निभतं.

बनेश्वरला थांबावं का?

थांबावं. चेलाडी फाट्यावरून नसरापूर गावातून आत गेलं की झाडीत लपलेलं हे महादेवाचं मंदिर आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४९ सालचं. मोठी झाडं, कुंडं, आणि सकाळी सातच्या सुमाराला जवळपास कुणीही नसतं. मागे छोटी वनवाट आणि पावसाळ्यात वाहणारा धबधबा आहे. पाऊण तास पुरेसा. केतकावळ्याचं बालाजी मंदिरही याच भागात आहे, पण तिथे रांग आणि पार्किंग धरून दोन तास जातात. दोन्ही एका दिवसात बसवू नका. दर्शनच मुख्य असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढा.

भोरमध्ये काय पाहावं, काय खावं?

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. नीरेच्या काठचा राजवाडा अजून दिमाखात उभा आहे. आत जायला मिळेलच असं नाही, पण बाहेरून आणि नदीकाठावरून तो पाहण्यासारखा आहे. गावाच्या अलीकडे भाटघर धरण आहे, वेळवंडी नदीवरचं, इंग्रजांच्या अमदानीत दगडी बांधकामात उभं राहिलेलं. धरण भरलं की दारांतून पाणी सुटतं, ते दृश्य पाहायला लोक दुरून येतात. भिंतीवर जाण्याचा प्रयत्न करू नका, रस्त्यावरून दिसतं तेवढं पुष्कळ आहे.

भोरला पोचायला साडेआठ-नऊ होतील. जेवणाची वेळ नाही, म्हणून इथे चहा घ्या आणि तांदूळ घ्या. बाजारपेठेत किंवा शेतकऱ्याकडून थेट इंद्रायणी मिळतो. नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो. नवा असेल तर शिजवताना पाणी कमी घालायला लागतं, हे विक्रेता सांगेलच. त्याला ‘यंदाचा की गेल्या वर्षीचा’ एवढं मात्र नक्की विचारा.

भोरलाच जेवायचं असेल तर बेत उलटा करता येतो: सकाळी महामार्गाने वाई, दुपारी घाट उतरून भोर. मग तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात, आमटी आणि धरणातला रोहू किंवा कटला असा बेत बसतो. पण उलट्या दिशेने मेणवलीचं संध्याकाळचं ऊन हुकतं, म्हणून आमचं मत भोर आधी, वाई नंतर.

आंबाडखिंडीचा घाट अवघड आहे का? नवशिक्या चालकाला झेपेल?

घाटाची सवय नसलेल्याने पहिल्यांदा सोबत जाणता चालक घेऊन जावं. रस्ता महामार्गासारखा रुंद नाही, वळणं तीव्र आहेत आणि काही ठिकाणी समोरून एसटी आली की एकाला थांबावं लागतं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम इथे पाळला तर कुणाचीच पंचाईत होत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी पकड सुटते. वळणाआधी हॉर्न द्या, आणि फोटोसाठी वळणावर गाडी उभी करू नका. थोडं पुढे गेलं की मोकळी जागा मिळतेच.

ऑगस्टमध्ये इथे धुकं इतकं दाट उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. तेव्हा दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. जोराचा पाऊस लागून राहिला असेल तर दरडींची शक्यता असते. अशा दिवशी घाट टाळा, महामार्गाने वाईला जा. वाई तेवढीच सुंदर असते.

मांढरदेवीला कोणत्या दिवशी जाऊ नये?

मांढरदेवीच्या गडावरची देवी म्हणजे काळूबाई, आणि तिचे वार मंगळवार, शुक्रवार आणि रविवार. या दिवशी गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि घाटातही वाहनांची रांग लागते. पौष पौर्णिमेची यात्रा तर फार मोठी. त्या दिवसांत रस्ता भाविकांचा असतो, सहलीसाठी तो धरू नये. २००५ च्या जानेवारीत याच यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसं गेली. या गडावर आलं की ती आठवण मनात असावी आणि पायऱ्यांवर धक्काबुक्की होऊ देऊ नये.

या सफरीला सगळ्यात चांगला वार शनिवार. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सुटी मिळत असेल तर बुधवार किंवा गुरुवार त्याहून चांगला. गडाची उंची सुमारे साडेचार हजार फूट, त्यामुळे उन्हाळ्यातही वारा गार लागतो. दोन्ही खोरी एकाच जागेवरून पाहायची तर इथूनच.

वाईत जेवायला कुठे जावं?

नाव सांगा, असा आग्रह असतो. खानावळी बदलतात, हाताखालचा आचारी बदलला की चव बदलते. त्यामुळे नावापेक्षा ओळखायची खूण सांगणं जास्त उपयोगाचं वाटतं.

वाईत साडेबारा ते एकच्या दरम्यान पोचा. या गावच्या चांगल्या खानावळी दुपारपुरतंच रांधतात आणि अडीचच्या पुढे भाकरी थापणाऱ्या बाईंचा हात थांबलेला असतो. उशिरा गेलात तर पोळी मिळेल, तीही डब्यातली. बाहेर दुचाकी जास्त आणि बाहेरगावच्या मोटारी कमी असतील, ताटात काय आहे ते फळ्यावर खडूने लिहिलं असेल, आणि भाकरी थापल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत असेल, तर निःशंक आत बसा. दहा पानी मेन्यूकार्ड पुढे आलं की समजावं, इथे सगळं फ्रिजमधून निघणार.

मागवायचं काय? शाकाहारी असाल तर ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा, आणि त्या दिवशी जी उसळ असेल ती. थंडीत पावट्याची उसळ मिळाली तर दुसरं काही बघू नका. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तांबूस रेघांचा हा घेवडा शिजला की रस्सा आपोआप दाट होतो, त्याला वाटणाची फारशी गरज लागत नाही. कुठे त्याची आमटी दिसली तर जरूर घ्या. अख्खा मसूर हा सांगली-कराडकडचा पदार्थ, पण आता या बाजूलाही चांगला होतो. तो भाकरीशी खा, रोटीशी नको.

मांसाहारी असाल तर मटणाचं ताट. सातारी रस्सा तिखट असतो पण त्यात सुकं खोबरं आणि कांदा-लसूण मसाल्याची चव पुढे असते, नुसता जाळ नसतो. सुकं, रस्सा, भाकरी आणि शेवटी भात. ‘कमी तिखट करा’ असं सांगून उपयोग नाही, कारण रस्सा सकाळीच तयार झालेला असतो. त्याऐवजी अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, मागा, मुलांना भाकरी कुस्करून त्यात द्या.

आणखी एक मार्ग आहे, आणि आम्हाला तो सगळ्यात आवडतो. वाई, मेणवली, धोम या परिसरात घरगुती जेवण देणारी कुटुंबं आहेत. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं, किती वाजता, शाकाहारी किती हे सांगायचं. त्यांनी तुमच्यासाठी मोजून रांधलेलं असतं, म्हणून सांगितल्या वेळेला पोचणं ही आपली जबाबदारी. उशीर होणार असेल तर घाटाच्या आधीच कळवा, कारण वर मोबाइलची रेंज जाते-येते.

जेवणानंतर वाईत काय पाहावं?

जेवण झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. गणपती घाटावर चालत जा. कृष्णेच्या काठी वाईला ओळीने घाट आहेत, म्हणून तिला दक्षिण काशी म्हणतात. ढोल्या गणपतीचं मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एकाच काळ्या दगडातली, ऐसपैस बसलेली. दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे वळून जा, बहुतेक लोक ते विसरतात. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगतं आणि देवळाला थेट धडक बसत नाही. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ही भिंत पुराचं पाणी अंगावर घेत उभी आहे. तिला हात लावून पाहावा असंच वाटतं.

याच गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ते काम इथे उभं केलं. सोबत शाळकरी मुलं असतील तर हे त्यांना सांगा. एवढ्याशा गावात बसून एवढं मोठं काम झालं, ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहते.

तिथून मेणवली तीन-चार किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट, दोन्ही पाहायचे. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा जेवढा खुला असेल तेवढाच पाहावा, आणि भिंतींवरच्या जुन्या चित्रांना हात लावू नये. घाटावर एका छोट्या बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. हा घाट हिंदी-मराठी चित्रपटांत इतक्यांदा आला आहे की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो. चार ते साडेपाच या वेळात इथे ऊन तिरपं येतं आणि पायऱ्या सोनेरी होतात.

वेळ उरला तर पुढे धोम. तिथल्या महादेवाच्या देवळात नंदी कासवाच्या पाठीवर, कुंडाच्या मधोमध बसवलेला आहे. कुंडात पाणी असलं की तो तरंगतोय असं वाटतं. शेजारी नरसिंहाचं देऊळ. धरणाचा जलाशय जवळच आहे, पण पाण्यात उतरू नका. काठावरून खोली कळत नाही.

त्याच दिवशी पाचगणी-महाबळेश्वर जोडता येईल का?

अंतर पाहिलं तर वाटतं येईल. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. पण मग मेणवली सुटते, जेवण घाईत होतं आणि शनिवारी-रविवारी पसरणी घाटातच तास जातो. स्ट्रॉबेरीसाठी जायचं असेल तर मुक्कामाने जा. नुसत्या स्ट्रॉबेरीच हव्या असतील तर हंगामात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, त्या वाईच्या बाजारातही येतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. वरचा थर पाहून खोका घेऊ नका, खालची फळं पाहा.

कोणता ऋतू चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खाण्याच्या दृष्टीने. नवा तांदूळ, पावटा, स्ट्रॉबेरी, आणि जानेवारीच्या आसपास कुठे कुठे हुरडा, सगळं एकदम येतं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर डोळ्यांसाठी: भात पिकायला आलेला, ओढे वाहते, आकाश स्वच्छ. जुलै-ऑगस्ट हिरवागार असतो, पण वर लिहिलं तसं घाटाची खात्री करूनच. एप्रिल-मेमध्ये दुपार कडक असते. तरी जायचंच असेल तर बारा ते चार सावलीत काढा.

परतताना काय लक्षात ठेवावं?

रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच वेळी पुण्याकडे निघतात. त्यामुळे एकतर साडेपाचच्या आत सुरूर फाटा गाठा, नाहीतर वाईतच रेंगाळा, चहा-भजी खा आणि आठनंतर निघा. मधल्या वेळेत निघणारा सगळ्यात जास्त अडकतो. खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आहे. तिथे वेग आपोआप वाढतो आणि अपघात झालेले आहेत. नवले पुलाच्या उताराचंही तेच. मोठ्या मालट्रकच्या अगदी पुढे गाडी ठेवू नका. चालकाला पेंग येत असेल तर शिरवळला थांबा, तोंडावर पाणी मारा, चहा घ्या, दहा मिनिटं डोळे मिटू द्या.

लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर?

घाटात गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, मोबाइल हातात देऊ नका. आल्याची वडी किंवा लिंबू जवळ असू द्या. भोर ते वाई या टप्प्यात स्वच्छ स्वच्छतागृह मिळणं कठीण आहे, म्हणून भोर सोडण्याआधी सगळ्यांनी जाऊन यावं. मांढरदेवीच्या पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांना जड जातात. त्यांना वाहनतळाजवळून दरीचं दृश्य दाखवलं तरी चालतं. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या उंच आणि पावसाळ्यात निसरड्या असतात, तिथे हात धरून उतरवा.

इंधन, पैसे?

टाकी पुण्यातच भरा. मोबाइलवरून पैसे जवळपास सगळीकडे चालतात, पण रेंज नसेल तेव्हासाठी थोडी रोकड आणि सुटे ठेवा. विजेची गाडी असेल तर पूर्ण चार्ज करून निघा आणि चार्जिंगची सोय महामार्गावर मिळेल असं धरून चाला, घाटातल्या गावांत नाही.

येताना काय विकत आणावं?

भोरचा तांदूळ, हे आधी सांगितलंच. वाईच्या बाजूची हळद, शक्यतो अख्खी हळकुंडं. घरी दळून घेतली की रंग आणि वास दोन्ही कळतात. साताऱ्याचे कंदी पेढे वाईतही मिळतात. चांगला कंदी पेढा तपकिरी आणि किंचित खरखरीत असतो, खरपूस भाजलेल्या खव्याचा. पांढरट आणि मऊ असेल तर तो नुसता पेढा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला महामार्गावर पुरंदरचे अंजीर दिसतात. ते त्याच दिवशी खायचे, उद्यासाठी ठेवू नका.

स्वतःची गाडी नसेल तर?

स्वारगेटहून भोरला आणि वाईला एसटी आहेत. पूर्ण फेरी एसटीने एका दिवसात ओढाताणीची होते, म्हणून एक टोक निवडा. आमची निवड वाई: सकाळची गाडी धरायची, दुपारी जेवायचं, रिक्षा ठरवून मेणवली-धोम पाहायचं. रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून भाडं आधीच बोलून घ्या, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाई स्थानकावर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीत विचारून ठेवा.